हळदीच्या कढईत बरफ

आमच्या सगळ्या तालुक्यात माझ्याएवढा चपळ कबड्डीवाला झाला न्हाई. हे मला माझ्या मायनं सांगितलं, अन् तिनं दुसऱ्या कुणाचा खेळ कधी बघितलाच न्हवता. माझा तरी कुठं बघितला व्हता म्हणा. मी घरी येऊन सांगायचो, ती भाकरी थापता थापता ऐकायची अन् शेवटाला म्हणायची, "तुझ्यासारखा चपळ तूच बाबा." तेवढ्यावर मी दोन भाकरी जास्त खायचो. हे सगळं माझी पोरगी लिहून राहिली. मी दुसरीतच शाळेला रामराम केला, सही येते, बाकी सगळं तोंडानं. ती मधीच विचारते, "बाबा, हे खरंच लिहू का?" मी म्हणतो, लिही. माझी इज्जत जायची ती कवाच गेली, अन् कशी गेली तेच तर सांगून राहिलो.

आमचं घर कुरुंद्याच्या रस्त्याला, गावाच्या कडंला. घरामागं चार पावलांवर शेत, अन् शेतात हळद. हळदीचा हंगाम आला की आमच्या घराला दुसरा रंगच न्हवता. ओट्यावर हळद, उंबऱ्यावर हळद, मायच्या नखात हळद, पांढरी कोंबडी बी पिवळी फिरायची. सकाळी उठलं की शेजारच्या शेतातला लोखंडी ढोल ऐकू यायचा, वाळलेली हळद घोळसून तिची साल काढायचा, खडखड खडखड, दिवसभर. त्या आवाजात बोलायचं म्हंजे वरडून बोलावं लागायचं, म्हणून आमच्या घरातली माणसं आजून बी फोनवर वरडतात. खायला ज्वारीची भाकरी, आंबाडीची भाजी, ठेचा, अन् ओल्या हळदीचं लोणचं. ते लोणचं मी बोटं चाटून खायचो.

हळद शिजवायला आमच्याकडं एक कढई व्हती. आता तसल्या कढया दिसत न्हाईत, आता सगळं वाफेवर. मीच बॉयलर घेऊन गावोगाव दुसऱ्यांच्या हळदी शिजवत फिरतो. पण तवा ती लोखंडाची कढई व्हती, घराच्या मागं बाभळीखाली, भट्टीवर मांडलेली. दोन माणसं आरामात बसतील एवढी. एकदा हळद शिजून निघाली की कढईच्या बुडाला पिवळी खरड धरायची, जाड, चिकट. ती नारळाच्या शेंडीनं अन् राखीनं घासून काढल्याबिगर दुसरा माल टाकायचा न्हाई, न्हाई तर हळदीचा रंग मरतो. अन् घासायचं काम माझं. माय दिवसातून चार येळा म्हणायची, "किसना, कढई घास." मी चार येळा म्हणायचो, "उद्या." त्या वर्षी तर पहिली हळद शिजवून आठ दिवस झाले, तरी कढईत तेच शिळं पिवळं पाणी तसंच पडून.

त्याच वर्षी काढणीला माणसं कमी पडली म्हणून दादानं, म्हंजे माझ्या बापानं, आत्याला निरोप धाडला, अन् आत्यानं तिचा संजू धाडून दिला. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी बारका. पण हा गडी शहरात, खेळाच्या वसतिगृहात, दोन वर्षं कबड्डी शिकून आलेला. अंगात निळी बनियन, मनगटावर घड्याळ, पाठीवर एक पिशवी अन् पिशवीत पांढराशुभ्र टॉवेल. आमच्या घरात पांढरं काही टिकत न्हवतं, मला वाटलं चार दिवसांत पिवळा व्हईल. न्हाई झाला. तो त्याला रोज धुवायचा.

संजू दिवसभर कुदळीनं हळद खणायचा अन् सांजच्याला शाळेच्या मैदानावर आमच्यासोबत खेळायचा. आमचा कप्तान कलीमभाई, सायकलीचं पंक्चर काढायचा, हाताची पकड अशी की धरलेला पाय सुटत न्हाई. पहिल्याच दिवशी संजूनं त्याला हात लावून, अंगावरून उडी मारून, मधली रेघ गाठली. कलीमभाई मातीत बसूनच म्हणाला, "वा रे बेटा." मी त्या टीममधी चार वर्षं खेळून राहिलो व्हतो, पहिली चढाई कायम माझी, अन् मला त्यानं आजपर्यंत "अबे ओ" सोडून काही म्हणलं न्हवतं.

तिथून माझ्या पोटात जळायला लागलं ते लागलंच. साधं न्हाई. जेवायला बसलो की मी त्याच्या ताटात बघायचो. दुधावरची साय, जी माझी व्हती, ती त्याच्या पेल्यात. पेला बी पितळेचा, तो बी माझा. माय म्हणायची, "पाव्हणा हाय, अन् लेकरू खेळतंय." मी म्हणलं, मी काय गोट्या खेळतो? ती म्हणली, "तू आधी कढई घास." आमचं कुत्रं, ज्याला मी पिल्लू असताना पोत्यात घालून आणलं, ते बी त्याच्या पायाशी जाऊन निजायचं. माणसावर जळणं समजतं मला, पण मी कुत्र्यावर बी जळलो.

मग त्याचं ते पाण्याचं सुरू झालं. आमच्या अंगणात एक निळं पलास्टिकचं पिंप व्हतं, खताचं, घासून घेतलेलं. दोन दिवसाआड संजू दूधवाल्याच्या गाडीवर वसमतला जायचा अन् पोत्यात, भुशात गुंडाळून, बरफाची एक लादी आणायचा. पिंपात पाणी, पाण्यात बरफ फोडून टाकायचा, अन् खेळून आला की चड्डीवर आत उतरायचा, कमरेच्या वरपर्यंत. तोंड वाकडं न्हाई, काही न्हाई. मोजून दहा मिनिटं. बाहेर आला की टॉवेलनं अंग कोरडं करायचा, सदरा घालायचा, मायच्या हातचा आल्याचा चहा प्यायचा. विचारलं तर म्हणायचा, "मामी, खेळून पाय सुजतात आतून. थंड पाण्यानं सूज बसते, दुसऱ्या दिवशी पाय मोकळे राहतात. आमच्या सरांनी शिकवलं."

आता मोबाइलवर बघतो तर जो तो बरफाच्या टबात बसून राहिला, वर गाणं लावून. तवा आमच्या गावानं असं कधी बघितलं न्हवतं. पहिल्या दिवशी अख्खी गल्ली अंगणात जमली, अन् मला मोका भेटला. मी म्हणलं, "म्हशीला तळं भेटंना म्हणून पिंपात बसली." लोकं हसली. दुसऱ्या दिवशी म्हणलं, "मासळी बाजारात न्यायची हाय का, ताजी राहावी म्हणून?" तवा बी हसली. गावात माझी तेवढीच तर किंमत व्हती, किसना आला की हसायचं. पण आठ दिवसांनी तेच लोक त्याच्या पिंपाभोवती बसून विचारायला लागले, "संजू, माझा गुडघा दुखतो, मी बसू का?" अन् माझ्याकडं कुणी बघंना.

सगळ्यात जास्त कशानं जळलो ते सांगतो. दहा मिनिटं झाली का न्हाई हे बघायला माय त्याचं घड्याळ हातात धरून पिंपाशेजारी उभी राहायची. तिला घड्याळ येत न्हवतं. त्यानं शिकवलं, "मामी, हा मोठा काटा इथून इथं आला की हाक मारा." चार दिवसांत ती शिकली. मग दिवसभर मला सांगत फिरायची, "सव्वाअकरा झाले, आजून उठला न्हाईस." माझ्या मायला घड्याळ परक्या पोरानं शिकवलं, हे मला लई लागलं. मी शिकवायला पाहिजे व्हतं. पण मला बी येत न्हवतं, तर शिकवणार काय.

अन् खरं सांगायचं तर त्या पाण्याचा गुण दिसत व्हता. आमी सगळे दुसऱ्या दिवशी बाळंतिणीसारखे चालायचो. मी तर ओट्यावरून उतरताना भिंत धरायचो, मांड्या दगड झालेल्या. संजू कुदळ खांद्यावर टाकून शीळ वाजवत शेताला. मला वाटायचं, एक डाव आपण बी बसून बघावं. पण म्हैस म्हणलेलो, मासळी म्हणलेलो, आता कोणत्या तोंडानं पिंपात उतरू? पोरगी म्हणते, मागितलं असतं तर दिलं असतं त्यानं. दिलं असतं गं. तेच तर नको व्हतं.

मग आमच्याच गावात सामने ठेवले. शाळेच्या मैदानावर मांडव, लाउडस्पीकर, आजूबाजूच्या गावांच्या टीमा. सकाळचा सामना आमी जिंकलो. त्यात मी बी बरा खेळलो अन् संजू लईच बरा. उन्हं कलल्यावर फायनल, हट्टेकरांसंगं, म्हंजे हट्टा गावच्या टीमसंगं. सामना संपला तवा दोघांच्या बी मांड्या भरून आलेल्या, संजू पोटरी दाबत बसला व्हता. मी कलीमभाईला विचारलं, "फायनलला पहिली चढाई माझीच ना?" तो पाणी पिऊन म्हणाला, "देख किसना, शाम को जिसके पैर खुले रहेंगे, पहली चढाई उसकी. तू कर या वो करे, मला काय."

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. घरी आलो तर माय लुगडं बदलून बसलेली. मी म्हणलं, कुठं? म्हणली, "आज खेळ बघायला येते. संजू म्हणला, मामी एकदा या." चार वर्षं मी खेळून राहिलो, मला कधी सुचलं न्हाई की मायला म्हणावं, ये. अन् आता ती येणार, अन् आल्या आल्या बघणार काय, तर संजूची पहिली चढाई. मग "तुझ्यासारखा चपळ तूच" हे कुणाला म्हणणार? माझ्याकडं तेवढं एकच वाक्य व्हतं या जगात.

अंगणात बघतो तर पिंपाच्या सावलीला पोतं. आत बरफ, अन् आज एक न्हाई, दोन लाद्या. माझं डोकंच फिरलं. म्हणलं, आज फायनल तर हा दुप्पट बसणार, दुप्पट पळणार. संजू कुठं दिसंना. माय आत चहाचं आधण ठेवत व्हती. पिंपावर त्याचा तो टॉवेल वाळत घातलेला. मी पोतं खांद्यावर मारलं, टॉवेल ओढला, अन् घराला वळसा घालून मागं.

मागं कुठं बसणार? कढई. पाणी तयार, भरायचं काम न्हाई. पिवळं व्हतं ते खरं, पण माझं डोकं बघा कसं चाललं. पाय मुरगळला की माय हळदीचा लेप लावती. म्हंजे हळद बी औषध, बरफ बी औषध. संजूला तर नुसता बरफ, मला दोन्ही. शहरातल्या सरांना सुचलं न्हाई ते मला सुचलं म्हणून मी स्वतःवरच खूश झालो. कुदळीच्या दांड्यानं बरफ फोडला, दोन्ही लाद्या आत टाकल्या, कपडे काढले अन् चड्डीवर उतरलो.

उतरलो तवा तोंडातून आवाजच निघाला न्हाई.  पायाला सुया टोचतात तसं, मग जळल्यासारखं, मग काहीच न्हाई. मी म्हणलं, बघा, औषध लागून राहिलं. दहा मिनिटं बसायचं हे मला माहीत व्हतं, पण दहा मिनिटं किती असतात ते माहीत न्हवतं. आजूक एक हिशेब केला, दहा मिनिटांत जर संजूचे पाय हरणाचे व्हतात, तर मी आजून बसलो तर काय व्हईल. त्यानं कमरेपर्यंत, मी गळ्यापर्यंत. हुडहुडी भरली तसा मी बूड हलवत राहिलो, इकडून तिकडं, तिकडून इकडं, ऊब यावी म्हणून. अंगणातून संजूची हाक आली, "भाऊ, ओ किसनाभाऊ." मी कढईच्या काठाआड मुंडकं दाबलं. म्हणलं, बरफ शोधतोय. दोन डाव, तीन डाव हाका आल्या, मग बंद झाल्या. किती येळ गेला देवाला माहीत. मग लाउडस्पीकरवरून माझं नाव घेतलं, "किसन, जिथं असशील तिथून मैदानावर ये." गावभर.

मी बाहेर आलो तो लाकडासारखा. गुडघा वाकंना. टॉवेलनं अंग पुसलं, तवा टॉवेल बघितला, अन् मग स्वतःला बघितलं. गळ्यापासून खाली पिवळाधम्मक. वर तोंड काळं. धुवायला येळ न्हवता. तसाच बनियन चढवून मैदानावर पळालो, पळालो म्हंजे दोन काठ्यांवर चालल्यासारखा. कलीमभाईनं मला वरून खाली बघितलं. म्हणाला, "ये क्या है?" मी म्हणलं, "औ-औषध. पाय मो-मोकळे झाले. पहिली चढाई मा-माझी." मागून हट्ट्याचं एक पोरगं म्हणलं, "नवरदेव आला, अक्षता आणा रे." सगळा मांडव हसला. जन्मभर लोकांना हसवलं, त्या दिवशी पहिल्यांदा मला नको वाटलं. बायकांच्या बाजूला माय बसली व्हती, पदर तोंडाला लावून. हसून राहिली की रडून, दिसंना.

कलीमभाई संजूकडं वळला. संजू म्हणला, "जाऊ द्या भाऊला. पहिली त्याचीच असते." हे तो बोलला ते मी ऐकलं, अन् ऐकून बी मला वाटलं, हा मोठेपणा दाखवतोय. मी रेघ वलांडली. तोंड उघडलं कबड्डी म्हणायला अन् दात वाजायला लागले. क-क-क-क. डी काही केल्या निघंना. चार पावलं बी गेलो नसंल, पंचानं शिट्टी फुकली. "दम तुटला. बाद." कुणी मला हात बी लावला न्हवता. हात लावायची गरजच पडली न्हाई.

कबड्डीत बाद झालेला माणूस बाहेर मेल्यासारखा बसतो, अन् आपल्या कुण्या गड्यानं समोरचा मारला की जिता होऊन आत येतो. मला जितं कुणी केलं? संजूनं. दोनदा. मी प्रत्येक डाव आत यायचो अन् धरायला वाकायचो, तर कंबर वाकायची न्हाई, तोवर समोरचा हात लावून गेलेला. ज्याला ज्याला माझा धक्का लागला तो पिवळा. शेवटी दोन्हीकडचे निम्मे गडी पिवळे झाले, पंचाची पांढरी पँट बी.

एका गुणानं आमी मागं, अन् शेवटची चढाई संजूची. त्यानं आत शिरून दोघांना हात लावला, वळला, आता रेघ दोन पावलं. तेवढ्यात त्याची पोटरी आखडली. मी बघितलं, पाय जमिनीला खिळल्यासारखा झाला, तोंड दुखानं वाकडं. पडला, हात लांब केला, रेघेपासून एक वीत राहिली. हट्टेकर चौघं वरून. खोटं कशाला बोलू, तो पडला तवा मला आत गुदगुली झाली. पडला एकदाचा, असं वाटलं. मग मांडवातून आवाज उठला तवा ध्यानात आलं की आपण हारलो. अन् पोटरी काहून आखडली हे त्या मैदानावर मला एकट्याला माहीत व्हतं. पोरगी लिहायची थांबली. लिही गं.

घरी आलो तर संजू ओट्यावर पाय लांब करून बसलेला, माय त्याच्या पोटरीला तेल लावत व्हती. हळदीचा ढोल बंद झाला व्हता, म्हणून सगळं लई शांत वाटत व्हतं. मी कोपऱ्यात उभा. माझ्या हातात तो टॉवेल, येताना कढईपशी पडलेला उचलून आणलेला. संजूनं टॉवेलाकडं बघितलं, मग माझ्या गळ्याकडं. म्हणला, "आज दोन लाद्या आणल्या व्हत्या, भाऊ. सकाळी तुझे बी पाय भरलेले बघितले. एक माझी, एक तुझी. लई हाका मारल्या तुला, सापडला न्हाईस." रागानं न्हाई म्हणला. रागानं म्हणला असता तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं, चार माणसं हसली असती. मी टॉवेल खाली ठेवला. तो पुढं कधी पांढरा झाला न्हाई. संजू आता पोलिसात हाय, आजून फोन करतो, अन् मी वरडून बोलतो.

माय तेलाची वाटी घेऊन उठली. जाताना दिवा घेऊन घरामागं गेली, मला वाटलं मला बघायचं नको म्हणून गेली. मागून कढईतलं पाणी उपसल्याचा आवाज येत राहिला, बऱ्याच येळानं परत आली. मी तिच्या मागं मागं चुलीपशी गेलो. ती पीठ मळायला बसली. माझ्या मनात एकच घोळत व्हतं, अन् तेवढं सगळं होऊन बी मी विचारलंच. म्हणलं, "माय, आज बघितलास ना माझा खेळ. कसा वाटला?"

तिनं भाकरी तव्यावर टाकली, हात झटकले.

"कढई मात्र लख्ख घासलीस," ती म्हणली, "बुडानं का व्हईना."